फ्लोरिडातली ९७,४८८ मतं

७ नोव्हेंबर २००० रोजी अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी फ्लोरिडा राज्यात जवळपास ६० लाख लोकांनी मतदान केलं. रिपब्लिकन पक्षाच्या जॉर्ज डब्ल्यू. बुश यांना २९,१२,७९० मतं पडली, डेमोक्रॅटिक पक्षाच्या अल गोर यांना २९,१२,२५३. फरक ५३७ मतांचा, आणि तेवढ्या फरकावर अध्यक्षपद बुश यांच्याकडे गेलं. त्याच मतपत्रिकेवर ग्रीन पार्टीचे राल्फ नेडर होते आणि त्यांना ९७,४८८ मतं पडली. या आकड्यांवरून अमेरिकेतल्या डाव्या विचारांच्या माणसांत जे भांडण लागलं, ते पाव शतक उलटलं तरी मिटलेलं नाही.

मी राज्यशास्त्र शिकवते. निवडणूक पद्धतींचा भाग आला की दरवर्षी हे प्रकरण वर्गात घेते. आकडे फळ्यावर लिहून होईपर्यंत निम्म्या वर्गाचा निकाल लागलेला असतो: "नेडरने मतं खाल्ली." उरलेला तास तो निकाल उसवण्यात जातो. 'मतं खाल्ली' हा आपल्याकडचा शब्दप्रयोगच मला खटकतो. खायला मत आधी कुणाच्या तरी ताटात वाढलेलं असावं लागतं. ती ९७ हजार मतं डेमोक्रॅटिक पक्षाच्या ताटात होती का, हाच तर सगळा वाद आहे.

नेडर कोण, आणि लोक त्यांच्याकडे का गेले

नेडर म्हणजे ऐन वेळी उगवलेला अपक्ष नव्हे. लेबनॉनहून आलेल्या कुटुंबातला हा वकील १९६५ साली मोटार कंपन्यांच्या बेफिकिरीवर पुस्तक लिहून देशभर माहीत झाला. जनरल मोटर्सने त्यांच्या मागे खाजगी गुप्तहेर लावले, ते उघडकीला आलं आणि कंपनीच्या प्रमुखाला सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. १९६६ साली अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला, त्यामागे या माणसाचा मोठा हात होता. पुढची तीस वर्षं त्यांनी ग्राहकांच्या, कामगारांच्या आणि स्वच्छ हवापाण्याच्या लढाया लढवल्या. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या तरुण वकिलांना वर्तमानपत्रांनी 'नेडर्स रेडर्स' असं नाव दिलं होतं. अमेरिकेतल्या डाव्यांना, म्हणजे कामगार संघटना, पर्यावरणवादी, युद्धविरोधी आणि नागरी हक्कांच्या चळवळीतल्या लोकांना, तो घरचाच माणूस वाटायचा.

आणि त्या लोकांचा घरच्या पक्षावर राग होता. डेमोक्रॅट बिल क्लिंटन आठ वर्षं अध्यक्ष होते. त्यांच्या काळात मेक्सिको आणि कॅनडाशी मुक्त व्यापाराचा 'नाफ्टा' करार लागू झाला आणि कारखाने सीमेपलीकडे जाण्याची भीती कामगारांच्या घरात शिरली. १९९४ च्या गुन्हेविषयक कायद्याने तुरुंग भरले. १९९६ साली गरीब कुटुंबांना मिळणाऱ्या सरकारी मदतीवर मुदतीची बंधनं आली. त्याच वर्षी समलिंगी विवाहांना केंद्रीय मान्यता नाकारणाऱ्या कायद्यावर क्लिंटन यांनी सही केली. १९९९ मध्ये बँकिंग आणि शेअर बाजाराचे धंदे वेगळे ठेवणारी, १९३३ पासूनची भिंत पाडली गेली. त्या वर्षाच्या शेवटी सिॲटलमध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या बैठकीविरुद्ध हजारो लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा अश्रुधुराच्या एका बाजूला कामगार आणि पर्यावरणवादी होते, दुसऱ्या बाजूला त्यांनीच निवडून दिलेलं सरकार. गोर हे त्या सरकारचे उपाध्यक्ष.

नेडर यांचं म्हणणं आपल्या भाषेत सांगायचं तर 'उडदामाजी काळेगोरे, काय निवडावे निवडणारे'. मोठ्या कंपन्यांनी दार ठोठावलं की दोघांपैकी कोण किती वेगाने गुडघे टेकतो, एवढाच काय तो फरक, असं ते सभांतून सांगत. जोडीला उपाध्यक्षपदासाठी विनोना लाड्यूक होत्या, मूळनिवासी समाजाच्या जमिनीच्या हक्कांसाठी लढलेल्या कार्यकर्त्या. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ऑक्टोबरच्या मध्यात नेडर यांची सभा झाली, तेव्हा लोक तिकीट काढून आले आणि ते भलंमोठं सभागृह भरलं. दूरदर्शनवरच्या अध्यक्षीय वादविवादात मात्र त्यांना जागा नव्हती. जनमत चाचण्यांत १५ टक्के पाठिंबा असल्याशिवाय तिथे प्रवेश नाही, असा नियम होता. बोस्टनमधल्या पहिल्या वादविवादाला ते प्रेक्षक म्हणून, हातात तिकीट घेऊन गेले, तेव्हाही त्यांना दारातून परत पाठवलं. त्या दारातल्या प्रसंगाने त्यांच्या समर्थकांचा निर्धार जेवढा पक्का केला, तेवढा कुठल्या भाषणाने केला नसेल.

पक्षापुढे एक नेमकं लक्ष्यही होतं. देशभरात ५ टक्के मतं मिळाली, तर पुढच्या निवडणुकीत त्या पक्षाला सरकारी तिजोरीतून प्रचारासाठी पैसा मिळतो. १९९६ मध्ये रॉस पेरो यांना सुमारे साडेआठ टक्के मतं मिळाली, म्हणून २००० साली त्यांच्या रिफॉर्म पार्टीच्या वाट्याला सव्वा कोटी डॉलरच्या वर रक्कम आली होती. ग्रीन पार्टीला तेच हवं होतं. ५ टक्के हा आकडा पुढे लक्षात ठेवायचा आहे.

त्या शरद ऋतूतलं भांडण

ऑक्टोबरमध्ये जनमत चाचण्यांत बुश आणि गोर यांच्यातलं अंतर घटलं आणि वादाला धार चढली. ज्येष्ठ स्त्रीवादी नेत्या ग्लोरिया स्टाइनम गोर यांच्या बाजूने उभ्या राहिल्या, नेडर यांना मत का देऊ नये याची कारणं मोजून सांगू लागल्या. गर्भपाताच्या हक्कासाठी लढणाऱ्या संघटनेने नेडर यांच्याविरुद्ध जाहिराती दिल्या. सर्वोच्च न्यायालयातल्या जागा पुढच्या अध्यक्षाच्या हातून भरल्या जाणार, हा त्यांचा सगळ्यात मोठा मुद्दा होता. जुन्या 'रेडर्स'पैकी काहींनी तर आपल्याच गुरूला माघार घेण्याची विनंती केली. त्यांचा युक्तिवाद म्हणजे 'दगडापेक्षा वीट मऊ'. आणि त्यात कमीपणा मानण्यासारखं काही नव्हतं, कारण विटेचा आणि दगडाचा मार ज्यांच्या डोक्यावर बसणार होता ती माणसं बहुतेक गरीब, काळी आणि स्थलांतरित होती.

दुसरी बाजू म्हणायची, हे आम्ही दर चार वर्षांनी ऐकतो. दर वेळी 'या वेळची निवडणूक फार महत्त्वाची आहे' असं सांगून आमचं मत घेतलं जातं आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे पाठ फिरवली जाते. ज्याचं मत हमखास मिळणार, त्याच्यासाठी कुठला पक्ष काय म्हणून काही करेल? या म्हणण्याला आधारही होता. चीनशी कायमस्वरूपी व्यापारसंबंधांच्या विधेयकावरून चिडलेल्या मोटार कामगार संघटनेच्या अध्यक्षांनी मे २००० मध्ये नेडर यांचं उघड कौतुक केलं. ऑगस्टपर्यंत ती संघटना गोर यांच्या मागे उभी राहिली. त्या मधल्या तीन महिन्यांत गोर यांची भाषणं बदलत गेली होती. ऑगस्टमधल्या पक्षाच्या अधिवेशनात ते तेल कंपन्या, औषध कंपन्या आणि विमा कंपन्यांची नावं घेऊन 'सत्ताधीशांविरुद्ध जनता' अशा भाषेत बोलले. सगळं श्रेय नेडर यांचं म्हणता येणार नाही. पण डाव्या बाजूने कुणी तरी ओढत असल्याशिवाय पक्ष तिकडे झुकत नाही, एवढं त्यातून दिसतं.

या भांडणात एक तिसरा सूरही होता, आणि तो मला सगळ्यात जास्त विचार केलेला वाटतो. अमेरिकेत अध्यक्ष थेट देशाच्या मतांवर निवडून येत नाही. प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक इलेक्टोरल मतं असतात, आणि दोन राज्यं सोडली तर राज्यात एक मत जरी जास्त पडलं तरी त्या राज्याचं सगळं माप एकाच उमेदवाराच्या पदरात जातं. मग टेक्ससमध्ये गोर यांना दिलेलं डाव्या माणसाचं मत निकालापुरतं कुठेच मोजलं जाणार नव्हतं, कारण टेक्सस बुश यांचंच होतं. फ्लोरिडात मात्र मताला सोन्याचा भाव होता. यावर काही तरुणांनी इंटरनेटवर अदलाबदलीची सोय केली. टेक्ससमधला गोरसमर्थक नेडर यांना मत देईल, त्याच्या बदल्यात फ्लोरिडातला नेडरसमर्थक गोर यांना. नेडर यांच्या देशभरातल्या टक्केवारीला धक्का नाही, आणि फ्लोरिडाही हातची जाणार नाही. कायद्याचे प्राध्यापक जेमी रॅस्किन, जे पुढे मेरिलँडमधून काँग्रेसवर निवडून गेले, त्यांनी ऑक्टोबरमध्ये या कल्पनेचा लेख लिहून पुरस्कार केला. पण कॅलिफोर्नियाच्या रिपब्लिकन राज्य सचिवांनी मतदानाला आठवडा उरला असताना अशा एका संकेतस्थळाला खटल्याची धमकी दिली, ते बंद पडलं आणि घाबरून आणखी काही बंद झाली. सात वर्षांनी, २००७ मध्ये, अपील न्यायालयाने निकाल दिला की अशी अदलाबदल हा नागरिकांच्या अभिव्यक्तीचाच भाग आहे आणि तिला घटनेचं संरक्षण आहे. तोवर बुश यांची दुसरी कारकीर्दही संपत आली होती.

पाम बीचची मतपत्रिका

इथे जरा थांबावं लागतं, कारण आकड्यांमागची वस्तू डोळ्यांसमोर आल्याशिवाय हे प्रकरण कळत नाही.

फ्लोरिडात १९९८ साली राज्यघटनेत दुरुस्ती झाली आणि लहान पक्षांना मतपत्रिकेवर येणं सोपं झालं. डाव्यांना हवी होती तीच सुधारणा. तिचा परिणाम म्हणून २००० साली अध्यक्षपदासाठी दहा नावं छापावी लागली. पाम बीच काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) निवृत्त, वयस्कर मतदार खूप. त्यांना वाचता यावं म्हणून अक्षर मोठं घेतलं, आणि मोठ्या अक्षरात दहा नावं एका पानावर मावेनात. म्हणून ती समोरासमोरच्या दोन पानांवर छापली गेली. मत द्यायचं ते टोकणीने भोक पाडून, आणि भोकांची एकच रांग मधोमध. फुलपाखराच्या पंखांसारखी दिसते म्हणून तिचं नाव 'बटरफ्लाय बॅलट'. डाव्या पानावर पहिलं नाव बुश, दुसरं गोर. उजव्या पानावर पहिलं नाव कडव्या उजव्या विचारांचे पॅट बुकॅनन. भोकं मात्र एकाआड एक: पहिलं बुश यांचं, दुसरं बुकॅनन यांचं, तिसरं गोर यांचं. डावं पान वरून वाचत आलेल्या माणसाला गोर दुसरे दिसतात आणि टोकणी दुसऱ्या भोकात जाते.

दोन वर्षांपूर्वी मी पुठ्ठ्यावर तशीच रचना करून वर्गात नेली. भोकं पाडायला दाभण दिलं, डाव्या पानावरच्या दुसऱ्या नावाला मत द्यायला सांगितलं आणि प्रत्येकाला अर्धा मिनिट दिलं. ज्यांना या मतपत्रिकेची गोष्ट आधीच सांगितली होती, अशा विशीतल्या मुलांपैकी तिघांची भोकं चुकली. त्यातल्या एकीने चूक लक्षात येताच घाईने बरोबरचं भोकही पाडलं. म्हणजे मत बाद. पाम बीचमध्ये एकाहून जास्त भोकं पाडल्यामुळे १९ हजारांवर मतपत्रिका बाद झाल्या, त्या नेमक्या कशा, हे मला त्या मुलीचा पुठ्ठा हातात घेतल्यावर कळलं.

बुकॅनन यांना त्या काउंटीत ३,४०० हून जास्त मतं पडली. यातली बरीचशी आपल्यासाठी नव्हती, हे त्यांनी स्वतःच दूरदर्शनवर मान्य केलं. राज्यशास्त्रज्ञांच्या एका गटाने पुढे आकडेवारी तपासून दाखवलं की दोन हजारांहून जास्त डेमोक्रॅट मतदारांचं मत चुकून तिकडे गेलं. ५३७ च्या जवळपास चौपट. याच मतपत्रिकेवर गोर यांच्या लगेच खालचं भोक समाजवादी पक्षाच्या डेव्हिड मॅकरेनॉल्ड्स यांचं होतं. त्यांना राज्यभरात ६२२ मतं मिळाली आणि त्यातली निम्म्याच्या आसपास एकट्या पाम बीचमधून. समाजवादाची लाट तिथेच काही आली नव्हती.

मग फेरमोजणी सुरू झाली. अर्धवट तुटून लोंबकळणारे कागदाचे कपटे भिंगाखाली पाहणारे अधिकारी जगाने टीव्हीवर पाहिले. गोर यांनी चारच काउंट्यांत हाताने फेरमोजणी मागितली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ डिसेंबरला राज्यभर मोजणीचा आदेश दिला, देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी ती थांबवली आणि १२ डिसेंबरला पाच विरुद्ध चार अशा मतांनी विषय संपवला. फ्लोरिडाची २५ इलेक्टोरल मतं धरून बुश यांची बेरीज २७१ झाली. जिंकायला २७० लागतात. देशभरातल्या एकूण मतांत गोर पाच लाखांहून अधिक मतांनी पुढे होते.

हिशेब

नेडर नसते तर गोर जिंकले असते का? अभ्यासकांनी या प्रश्नाला टाळलेलं नाही आणि आपणही टाळू नये.

मतदान करून बाहेर पडलेल्या लोकांच्या देशव्यापी पाहणीत नेडर यांच्या मतदारांना विचारलं गेलं की दोघेच उमेदवार असते तर काय केलं असतं. साधारण निम्म्यांनी गोर म्हटलं, एक पंचमांशाने बुश, उरलेले मतदानालाच गेले नसते. मायकल हेरन आणि जेफ्री लुइस यांनी २००७ मध्ये फ्लोरिडाच्या दहा काउंट्यांतल्या प्रत्यक्ष मतपत्रिकांच्या नोंदी तपासल्या. नेडर यांना मत देणाऱ्याने त्याच कागदावर इतर पदांसाठी कुणाला मत दिलं, हे पाहून त्यांनी अंदाज बांधला. त्यांच्या मते सुमारे ६० टक्के लोक गोर यांच्याकडे गेले असते, ४० टक्के बुश यांच्याकडे. अनेकांना वाटतं तितके नेडर यांचे मतदार एकजात डावे नव्हते. पण तेवढ्या फरकानेही गोर यांना साडेएकोणीस हजारांची आघाडी मिळाली असती. त्यातले निम्मे घरी बसले असते असं धरलं तरी साडेनऊ हजारांच्या वर. खरं तर दर हजार नेडर मतदारांमागे गोर यांच्या बाजूला फक्त सहा जास्त असते, तरी पुरलं असतं.

न्यू हॅम्पशरचंही नाव घेतलं जातं, पण तिथे वरच्या प्रमाणांनी हिशेब पुरत नाही. तिथे बुश ७,२११ मतांनी जिंकले आणि नेडर यांना २२ हजारांवर मतं होती. ते चार मतांचं राज्य गोर यांना मिळालं असतं तर फ्लोरिडाची गरजच उरली नसती.

तेव्हा उत्तर 'हो' आहे. माझे काही डावे मित्र हे उत्तर अजून मान्य करत नाहीत, आणि ते मला पटत नाही. त्यांचे प्रतिवाद मला माहीत आहेत: गोर यांना स्वतःचं टेनेसी राखता आलं नाही, फ्लोरिडातल्या नोंदणीकृत डेमोक्रॅटांपैकी बुश यांना मत देणाऱ्यांची संख्या नेडर यांच्या एकूण मतांहून कितीतरी मोठी होती, मतदार याद्यांतून गुन्हेगार म्हणून नावं कापताना निर्दोष माणसंही वगळली गेली आणि त्यात काळे मतदार मोठ्या संख्येने होते, पाम बीचची ती मतपत्रिका, पाच न्यायमूर्ती. हे सगळं खरं आहे. जिथे फरक ५३७ चा आहे, तिथे यातलं जवळपास प्रत्येक कारण स्वतंत्रपणे पुरेसं होतं. फ्लोरिडातल्या दहाही उमेदवारांना ५३७ हून जास्त मतं होती, अगदी ५६२ मतं मिळवणाऱ्या सोशलिस्ट वर्कर्स पार्टीलासुद्धा. पण दहा कारणं आहेत म्हणून त्यातलं आपल्या हातातलं कारण पुसलं जात नाही. न्यायमूर्तींचं मन डाव्या मतदाराच्या हातात नव्हतं. स्वतःची टोकणी होती.

माझं मत, आणि ते कशावर

म्हणून नेडर यांना मत देणारे दोषी, असा निष्कर्ष मी काढते का? नाही. नोव्हेंबरच्या त्या सकाळी फ्लोरिडातल्या टॅलाहासी शहरातल्या एखाद्या विद्यार्थ्याला ५३७ हा आकडा माहीत असणं शक्य नव्हतं. त्याला आठ वर्षांचा अनुभव माहीत होता. ज्या पक्षाने त्याच्या बापाचा कारखाना मेक्सिकोला जाऊ दिला, त्या पक्षाला मत नाकारण्याचा त्याला पूर्ण अधिकार होता. पराभवानंतर डेमोक्रॅट नेत्यांनी त्याला शिव्या घातल्या. त्या शिव्यांत निम्मा भाग तरी स्वतःचा हिशेब न देण्याचा होता.

माझा प्रश्न उमेदवाराला आहे. तो ५ टक्क्यांपासून सुरू होतो.

देशभरात त्या वर्षी साडेदहा कोटींच्या आसपास मतं पडली. ५ टक्के म्हणजे ५२ लाखांच्या वर. नेडर यांना मिळाली २८,८२,९५५, म्हणजे २.७४ टक्के. कमी पडली जवळपास २४ लाख. आता फ्लोरिडातली त्यांची सगळी मतं घ्या. त्यांनी देशाच्या टक्केवारीत घातलेली भर ०.०९ टक्के इतकी भरते. एक दशांश टक्काही नाही. तेवढ्यासाठी तिथे ताकद लावण्यात पक्षाला काय मिळणार होतं? दुसरीकडे कॅलिफोर्नियात त्यांना चार लाखांहून जास्त मतं होती, न्यूयॉर्कमध्ये जवळपास अडीच लाख, मॅसॅच्युसेट्समध्ये पावणेदोन लाख, टेक्ससमध्ये एक लाख ३८ हजार. या चारही राज्यांत निकाल काही लाखांच्या फरकाने लागला. तिथली मतं दुप्पट झाली असती तरी कुणाचंही नुकसान नव्हतं, आणि ५ टक्क्यांची वाट तिथूनच जात होती. निर्धास्त राज्यांत मनापासून मत मागा, अटीतटीच्या राज्यांत हात आखडता घ्या, हे तेव्हाही सुचवलं गेलं होतं. नेडर यांनी ते नाकारलं. शेवटच्या टप्प्यातही अटीतटीची राज्यं टाळली नाहीत.

गोर यांना पाडण्याचा त्यांचा डाव होता असं मी म्हणत नाही. बॅरी बर्डन या राज्यशास्त्रज्ञांनी त्यांच्या दौऱ्यांचा माग काढून २००५ मध्ये दाखवलं की ते मतं वाढवायला फिरत होते, निकाल बिघडवायला नव्हे. पण हेतू स्वच्छ असला तरी हिशेब चुकीचा असू शकतो. 'दोघांत फरक नाही' हे वाक्य सभेत टाळ्या घेतं, आणि फ्लोरिडातल्या मतदाराकडून ते निवडीचं कारणच काढून घेतं. क्योटोत हवामान कराराच्या वाटाघाटींना स्वतः गेलेला माणूस आणि पदावर आल्यावर दोन महिन्यांत तो करार नाकारणारा माणूस एक नव्हते. इराकवरच्या स्वारीला सप्टेंबर २००२ मध्येच सॅन फ्रान्सिस्कोत जाहीर विरोध करणारा आणि ती स्वारी करणारा, एक नव्हते. बुश यांनी सर्वोच्च न्यायालयावर नेमलेले जॉन रॉबर्ट्स आणि सॅम्युअल अलिटो २०१० च्या त्या पाच-चार निकालात बहुमताच्या बाजूला होते, ज्याने निवडणुकीत कंपन्यांच्या पैशावरची मर्यादा काढून टाकली. कंपन्यांच्या पैशाविरुद्ध नेडर यांनी आयुष्य घालवलं होतं. म्हणूनच याचं दुःख जास्त आहे.

५ टक्के मिळाले नाहीत आणि व्हाइट हाउसही गेलं. तेलही गेलं, तूपही गेलं. आणि ५ टक्के मिळाले असते तरी काय, हेही पाहिलं पाहिजे. रिफॉर्म पार्टीला त्याच वर्षी सव्वा कोटी डॉलर मिळाले, बुकॅनन यांनी ते खर्च केले आणि देशभरात अर्ध्या टक्क्यावरही गेले नाहीत. पैशाने पक्ष उभा राहत नाही, हे ग्रीन पार्टीला त्याच मतपत्रिकेवर दिसत होतं.

वर्गातला दुसरा तास

हे प्रकरण घेतलं की कुणी तरी विद्यार्थी २०१९ काढतोच. गेल्या वेळी नांदेडकडची मुलगी होती. लोकसभेला अशोक चव्हाण चाळीस हजारांच्या फरकाने पडले आणि वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला एक लाख ६६ हजार मतं होती, हे तिला तोंडपाठ होतं. "मॅडम, आमच्या घरात त्यावरून काका आणि बाबा वर्षभर बोलत नव्हते." मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, "वंचितला मत देणाऱ्यांच्या वस्तीत काँग्रेसवाले पाच वर्षांत किती वेळा आले होते?" तिने प्रामाणिकपणे सांगितलं, "एकदाही नाही." वर्ग गप्प झाला. भारतात आणि अमेरिकेत फार काही सारखं नाही, पण सगळ्यात जास्त मतं ज्याची तो विजयी, उरलेली सगळी वाया, ही पद्धत दोघांनीही इंग्रजांकडून घेतली. ती आहे तोवर काका आणि बाबा दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि तिसराच माणूस निवडून येतो.

पुढे काय झालं

२००४ मध्ये अमेरिकन डाव्यांनी फ्लोरिडाचा धडा घेतला. ग्रीन पार्टीने नेडर यांना सोडून डेव्हिड कॉब यांना उभं केलं आणि निर्धास्त राज्यांवर भर दिला. नेडर अपक्ष लढले. चार वर्षांपूर्वी त्यांच्या सभा गाजवणारे माहितीपटकार मायकल मूर एका टीव्ही कार्यक्रमात त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसून 'उभे राहू नका' म्हणून विनवत होते. नेडर ऐकले नाहीत. त्यांना पाच लाख मतंही पडली नाहीत, आणि बुश तरीही जिंकले. डावे एकवटले म्हणजे जिंकतात, असंही नाही.

२०१६ मध्ये बर्नी सँडर्स यांनी वेगळी वाट धरली. कित्येक वर्षं अपक्ष राहिलेला हा सिनेटर डेमोक्रॅटिक पक्षाच्या आतल्या निवडणुकीत उतरला. तिथे मतविभागणीची भीती नव्हती. ते हरले, पण पक्षाची भाषा बदलली. त्याच नोव्हेंबरमध्ये मिशिगनमध्ये ट्रम्प १०,७०४ मतांनी जिंकले आणि ग्रीन पार्टीच्या जिल स्टाइन यांना तिथे ५१ हजारांवर मतं होती. जुनं भांडण जसंच्या तसं परत आलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये गाझाच्या युद्धावरून चिडलेल्या मिशिगनच्या एक लाखाहून अधिक मतदारांनी डेमोक्रॅटिक प्राथमिक फेरीत 'कुणालाही बांधील नाही' या पर्यायावर खूण केली. पक्षाला इशारा द्यायचा, पण तो नोव्हेंबरच्या आधी आणि पक्षाच्या आत, ही त्यातली समज मला फ्लोरिडापेक्षा पुष्कळ पुढची वाटते. नोव्हेंबरात त्यातल्या काहींनी काय केलं, तो वेगळा आणि कडू विषय आहे.

मतदान पद्धतच बदलण्याची खटपट मेन राज्यात यशस्वी झाली. तिथे २०१० साली ३८ टक्क्यांहूनही कमी मतांवर एक गव्हर्नर निवडून आला होता. २०१६ मध्ये जनमत घेऊन लोकांनी पसंतीक्रमाची पद्धत आणली, आणि २०२० मध्ये अध्यक्षपदासाठीही ती वापरली. पहिली पसंती ग्रीन पार्टीला, दुसरी डेमोक्रॅटला असं लिहायचं. पहिला बाद झाला तर मत दुसऱ्याकडे जातं. नेडर यांच्या फ्लोरिडातल्या मतदाराला हा कागद मिळाला असता तर त्याला मनाला मुरड घालावी लागली नसती आणि आम्हाला हे प्रकरण शिकवावं लागलं नसतं.

फ्लोरिडात सॅरासोटा शहराच्या मतदारांनी ही पद्धत २००७ मध्येच मोठ्या बहुमताने मंजूर केली होती. ती तिथे कधीच वापरली गेली नाही. एप्रिल २०२२ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने केलेल्या कायद्यावर गव्हर्नरांची सही झाली, आणि पसंतीक्रमाने मतदान घ्यायला संपूर्ण फ्लोरिडात बंदी आली.